पेनमामांना आभाराचं पत्र

ती. स्व. पेनमामा यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही १९३२ साली गेलात, त्यामुळे तुमच्या भाच्याचं, बिल मन्रोचं, पुढे काय झालं ते तुमच्या कानावर आलेलंच नाही. आभार मानायचे तर आधी ती हकिगत सांगायला हवी.

मी मूळचा पुण्याचा. इंडियाना राज्यातल्या कोलंबसला नोकरी करतो. पुण्यातही कारखाने असलेल्या कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय इथे असल्याने पुण्याकडची माणसं या गावात बरीच भेटतात. इथून तासाभराच्या आत बीन ब्लॉसम हे गाव आहे. तिथलं गाण्याबजावण्याचं एक ठिकाण तुमच्या बिलने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला विकत घेतलं आणि १९६७पासून तिथे जूनमध्ये ब्लूग्रास या अमेरिकन संगीताचा महोत्सव भरू लागला. त्याच्या बँडचं नाव ‘ब्लू ग्रास बॉइज’, तुमच्या केंटकी राज्याच्या टोपणनावावरून घेतलेलं. पुढे त्या धर्तीवर वाजवणाऱ्या सगळ्यांच्याच संगीताला ब्लूग्रास म्हणू लागले.

मँडोलिन मला ठाऊक होती ती सज्जाद हुसेन यांच्या हातची आणि जुन्या हिंदी गाण्यांमधली, सुरावर थरथरणारी. बीन ब्लॉसमला झाडांखाली घोळका करून वाजवणाऱ्यांकडे पाहिलं, तर तिथे ती चक्क ठेका धरून होती. हा प्रकार आला कुठून, याचा माग काढत काढत मी तुमच्या दारापर्यंत पोचलो.

बिल मन्रो म्हणजे तुमच्या बहिणीचं, मलिसाचं, आठवं आणि शेवटचं मूल. जन्म १९११चा, केंटकीतल्या रोझीन गावाजवळच्या जेरुसलेम रिज या टेकडीवरचा. डोळा तिरळा, नजर कमजोर, स्वभाव बुजरा. थोरल्या भावांनी फिडल (म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि गिटार आधीच घेऊन टाकली होती, म्हणून धाकट्याच्या वाट्याला उरलीसुरली मँडोलिन आली. तिच्या आठ तारांपैकी चारच लाव, फार आवाज नको, अशी वर ताकीद! दहाव्या वर्षी आई गेली, सोळाव्या वर्षी वडील. भावंडं आपापल्या वाटेने पांगली. तेव्हा कुबड्यांवर चालणाऱ्या तुम्ही या पोराला टेकडीवरच्या आपल्या झोपडीत ठेवून घेतलंत.

स्वयंपाक तुम्हीच करायचात, हे बिल म्हातारपणीही सांगत असे. मक्याची भाकरी, चवळी, डुकराची चरबी आणि ज्वारीच्या गोड धाटांची काकवी. या यादीतलं तिसरं सोडलं तर बाकीचं पान माझ्या आजीनेही वाढलं असतं.

पण मला आभार मानायचे आहेत ते त्यापुढच्या गोष्टीचे. गावोगावच्या नाचांना तुम्ही फिडल घेऊन जायचात आणि बिलला साथीला बसवायचात. नाचणाऱ्यांचे पाय मोठे निर्दयी परीक्षक असतात. सूर जरा इकडेतिकडे झाला तर चालून जातं, लय ढळली की सगळा नाच विस्कटतो. लय मामाकडून घेतली, असं बिल जन्मभर सांगत राहिला. आर्नल्ड शुल्ट्झ या काळ्या गिटारवादकाबरोबरही तो नाचांना वाजवायचा. ब्लूजचा रंग त्याने तिथून उचलला. शुल्ट्झना वेगळं पत्र लिहायला हवं.

तुमच्या झोपडीत तो फार काळ राहिलाच नाही. १९२९ला भावांकडे इंडियानात गेला आणि तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात पिंपं हलवू लागला. १९३६पासून भाऊ चार्लीबरोबर त्याच्या रेकॉर्डी निघाल्या. १९३८ला दोघांचं फाटलं, आणि १९३९ला नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात तो स्वतःचा बँड घेऊन उभा राहिला. पुढे मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात विक्रीला ठेवलेली, १९२३ साली बनलेली गिब्सनची एफ-५ मँडोलिन त्याने घेतली. तीच शेवटपर्यंत त्याच्या गळ्यात राहिली. १९४६च्या त्याच्या बँडमध्ये लेस्टर फ्लॅट गिटारवर, अर्ल स्क्रग्ज बँजोवर आणि चबी वाइज फिडलवर होते. खरं ब्लूग्रास कोणतं, यावर आजही वाद घालणारे लोक शेवटी त्याच रेकॉर्डी पुढे करतात.

या बँडमध्ये ढोल-ताशा काही नाही. बास ठेक्यावर पडतो आणि दोन ठेक्यांच्या मधली जागा मँडोलिन घेते. उजव्या हाताने नखी एका झटक्यात सगळ्या तारांवरून ओढायची आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं सैल करून आवाज तोडायचा. उरतो तो नुसता कोरडा ‘चक्’. सगळा बँड त्या आवाजाला धरून धावतो. पुढे येऊन एकट्याने वाजवायची वेळ आली, की मात्र बिलची मँडोलिन फिडलसारखी बोलते. दोन्ही वाद्यांच्या तारा एकाच सुरांत लागतात, त्यामुळे तुमच्या गजातली वळणं त्याने थेट नखीवर आणली. भावांनी ‘आवाज नको’ म्हणून हाती दिलेलं वाद्य त्याने असं सगळ्या बँडचा कणा करून ठेवलं. माझ्या मते त्याची सुरुवात तुमच्या मागे बसून साथ करण्यात आहे. कोणी तज्ज्ञ याला हरकत घेईल, घेऊ दे.

स्वभावाने तुमचा भाचा सोपा नव्हता, हेही सांगून टाकतो. फ्लॅट आणि स्क्रग्ज १९४८ला बँड सोडून गेले. फ्लॅटशी दिलजमाई झाली ती थेट १९७१ला, बीन ब्लॉसमच्याच महोत्सवात. गिब्सनने दुरुस्ती मनासारखी केली नाही म्हणून त्याने मँडोलिनवरचं कंपनीचं नाव चाकूने खरवडून काढलं होतं! पण १९५४ला एल्व्हिस प्रेस्ली नावाच्या पोराने त्याचं ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ पार वेगळ्या चालीवर गायलं, तेव्हा तो रागावला नाही. त्याच वर्षी त्याने स्वतः ते गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं, संथ सुरुवात करून पुढे एल्व्हिससारखी लय पळवत.

तुम्हाला मात्र तो विसरला नाही. १९५०ला त्याने तुमच्यावर गाणं केलं, ‘अंकल पेन’. आज ब्लूग्रास वाजवणाऱ्या कुणालाही ते विचारा, येतंच. तुमचं वादन रेकॉर्ड झालेलं नाही, त्यामुळे तुमच्या चाली तुमच्याबरोबर जायच्या. पण त्याने त्या डोक्यात जपल्या, आपल्या बँडमधल्या केनी बेकरच्या फिडलवर बसवून घेतल्या आणि १९७२ला तुमच्याच नावाची एक अख्खी रेकॉर्ड काढली. त्यातल्या ‘जेनी लिन’ या चालीवर माझा सध्या मुक्काम आहे.

माझ्यासारखा परका माणूस आज जॅममध्ये, म्हणजे घोळका करून वाजवणाऱ्यांत, जातो, मागे उभा राहून नुसता ‘चक्’ देतो, आणि कोणी कपाळाला आठी घालत नाही. ठेका सांभाळणाऱ्याला तिथे मान आहे. एकेक गाणं त्या जागेवरूनच अंगात उतरतं, आणि हळूहळू कोणीतरी मानेने खूण करून पुढे बोलावतं. मागे उभं राहून शिकायची ही जागा मला तुमच्यामुळे मिळाली, मामा. मनापासून आभार.

१९७०ला कंट्री म्युझिकच्या हॉल ऑफ फेममध्ये बिलचं नाव लागलं, १९९५ला त्याला राष्ट्रीय कला पदक मिळालं. ९ सप्टेंबर १९९६ला तो गेला, पंच्याऐंशी पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते. रोझीनच्याच दफनभूमीत आहे, म्हणजे तुमच्या शेजारीच. तुमची झोपडीही लोकांनी पुन्हा बांधून काढली आहे. पानगळीच्या सुमारास तिकडे यायचा बेत आहे. शुक्रवार पाहूनच निघेन, त्या रात्री गावातल्या जुन्या बार्नमध्ये गाणंबजावणं असतं.

आपला,
बीन ब्लॉसमच्या मागच्या रांगेतला एक मँडोलिनवाला
कोलंबस, इंडियाना