यंदा आपला नाताळ ६ जानेवारीला

प्रिय आई-बाबा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर सांगायचं मुद्दाम टाळलं. फोनवर आई लगेच "बरं बाई, तुला जमेल तसं" म्हणते आणि मग मला पुढे बोलताच येत नाही. म्हणून पत्र. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा. आणि आई, मध्येच गॅस बघायला उठू नकोस.

मी २५ डिसेंबरला येत नाही. ४ जानेवारीला येते. रजा मंजूर झाली, तिकीटही काढलं, आता यात बदल होणार नाही. २४ ची रात्र आणि २५ चा अर्धा दिवस मी वॉर्डावर असेन.

आधी सगळं ऐकून घ्या. नाताळ आला म्हणून वॉर्ड बंद होत नाही. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना त्या रात्री घरी राहू द्यावं, असं आम्हीच आपसात ठरवलं. मागच्या वर्षी बाबांचं ते झालं तेव्हा मी एका फोनवर निघू शकले, कारण याच मुलींनी कुरकुर न करता माझ्या ड्युट्या केल्या. त्यांची पोरं तेव्हा आईविना झोपली. यंदा मी नाही म्हणाले असते तरी कुणी काही बोललं नसतं, पण मलाच ते बरं वाटलं नसतं. शिवाय जानेवारीत रजा सलग मिळते. २५ ला आले असते तर तिसऱ्या दिवशी पुन्हा बॅग भरावी लागली असती, आणि तसं माझं येणं आईला आवडत नाही. दादाशीही बोलले आहे. तोही तेव्हाच यायचं बघतो म्हणाला.

आणि आई, नाताळ माझ्यासाठी निघून जाणार नाही. आमच्या वॉर्डात इथिओपियाची एक मुलगी आहे, तिचा नाताळ ७ जानेवारीला असतो. २५ डिसेंबरला ती उपासात असते. तिच्याकडे नाताळाआधी त्रेचाळीस दिवस मांस, दूध, लोणी, अंडी सगळं बंद. आदल्या रात्री पांढरी शुभ्र वस्त्रं पांघरून घरचे सगळे चर्चला जातात, रात्रभर प्रार्थना चालते आणि मग उपास सुटतो. लालिबेला नावाचं त्यांचं गाव आहे, तिथली चर्चं खडकात वरून खाली कोरत नेलेली आहेत. त्या दिवशी तिथे लांबलांबून लोक पायी येतात. आर्मेनियातल्या चर्चमध्ये येशूचा जन्म आणि बाप्तिस्मा दोन्ही एकत्र, ६ जानेवारीला साजरे होतात. रशिया, सर्बिया इकडची चर्चं अजून जुनी ज्युलियन दिनदर्शिका पाळतात. ती आपल्या दिनदर्शिकेच्या १३ दिवस मागे चालते, म्हणून त्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला येतो. युक्रेनमध्येही पिढ्यान्‌पिढ्या ७ जानेवारीच होता. २०२३ साली त्यांनी कायदा करून नाताळची सुट्टी २५ डिसेंबरला आणली. एवढ्या मोठ्या देशाने तारीख बदलून घेतली, बाबा. आपलं तर एक घर आणि एकच वर्ष.

म्हणून मी ठरवलं आहे की यंदा आपल्या घरचा नाताळ ६ जानेवारीला, तीन राजे बाळ येशूला भेटी घेऊन पोचले त्या सणाला. २५ ला तुम्ही चर्चला जालच, तो दिवस मोडायचा नाहीच आहे. पण जेवण, भेटी, सगळ्यांनी एकत्र बसणं हे ६ ला. स्पेनमध्ये मुलांना खऱ्या भेटी त्याच दिवशी मिळतात. ५ च्या संध्याकाळी गावोगावी तीन राजांची मिरवणूक निघते, पोरं झोपण्याआधी आपापले बूट मांडून ठेवतात आणि सकाळी त्यांच्याजवळ भेटी असतात. म्हणजे उशिरा येणाऱ्यांचाही एक दिवस राखून ठेवलेला आहे.

तेव्हा गोठा आणि चांदणी २६ ला उतरवू नका. बाबांना आवराआवरीची घाई असते, म्हणून आधीच सांगते. पुष्कळ देशांत राजांना पहिल्या दिवशी गोठ्याजवळ ठेवतच नाहीत. ते दूर कुठेतरी, दुसऱ्या खोलीतसुद्धा ठेवतात आणि रोज थोडे पुढे सरकवतात, ६ जानेवारीला पोचतील असे. आपले निळ्या खोक्यातले राजे तसेच ठेवा. उंटाचा पाय मी मागे चिकटवला होता, तो टिकला असेल ना? नसला तर मेंढरं पुढे घ्या आणि उंट टेकवून ठेवा. बाबा, तुम्हीच मला सांगितलं होतं की पहिला गोठा संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावात उभा केला, खऱ्या बैलासह आणि खऱ्या गाढवासह. तेव्हा मी किती दिवस तुमच्या मागे लागले होते खऱ्या गाढवासाठी! तुम्ही "नाही" कधीच म्हणाला नाहीत, फक्त "बघू" म्हणत राहिलात. मी अजूनही एखाद्या घाबरलेल्या पेशंटशी बोलते तेव्हा माझ्या तोंडून तुमचंच ते "बघू" येतं.

आता आईचं. आमच्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर आयर्लंडच्या आहेत. त्यांच्याकडे, विशेषतः कॉर्क आणि केरी भागात, ६ जानेवारीला बायकांचा नाताळ असतो. सगळा डिसेंबर बायका राबलेल्या असतात, म्हणून त्या दिवशी घरकाम पुरुषांनी करायचं. बायका एकमेकींकडे जातात, चहा पितात, बाहेर जेवतात, निवांत गप्पा मारतात. सिस्टर सांगतात, त्यांची आई वर्षातून त्या एकाच दिवशी पाय वर घेऊन बसायची. हे ऐकलं तेव्हा मला तू दिसलीस. नाताळच्या जेवणात तू आमच्याबरोबर बसून जेवलीस असं एकही वर्ष मला आठवत नाही. सगळ्यांना वाढून झालं की तू उभ्यानेच दोन घास खायचीस आणि "मला वासानेच भरतं" म्हणायचीस. तेव्हा मला ते खरं वाटायचं.

यंदा ६ तारखेला तू चुलीपाशी जायचं नाही. ही विनंती नाही. स्वयंपाक मी आणि दादा करू, वाढतील बाबा. मीठ कमीजास्त झालं तरी तू उठायचं नाहीस.

आणि आधीच करून डब्यात भरून ठेवू, हा विचारही काढून टाक. मला माहीत आहे, हे वाचता वाचताच तू मनात पिठाचा हिशेब लावते आहेस. तुझ्या मनगटाचं दुखणं अजून गेलेलं नाही, हे मला बाबांनी सांगितलं आहे. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं. हाताला काहीतरी हवंच असेल तर क्रोएशियातल्या बायका करतात ते कर. १३ डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी, त्या बशीत गहू पेरतात. रोज थोडं पाणी शिंपडायचं, बस. नाताळपर्यंत हिरवेगार अंकुर वर येतात, मग त्यांना रिबीन बांधतात आणि मध्ये मेणबत्ती उभी करतात. ना वाकायचं, ना मळायचं, ना तळायचं. तुझा हात लागला की रुजत नाही असं काही अजून मी पाहिलेलं नाही. मी येईपर्यंत ते चांगले उंच झालेले असतील.

बाबा, आता तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साला यंदा जायचं नाही. संध्याकाळच्या मिस्साला जा.

तुम्हाला हे आवडणार नाही. माझ्याबरोबर फिलिपिन्सची जी मुलगी काम करते तिच्याकडे १६ ते २४ डिसेंबर रोज पहाटे मिस्सा असते, नऊ दिवस, सूर्य उगवण्याआधी. शेतावर जाण्यापूर्वी लोकांना प्रार्थना करता यावी म्हणून ती वेळ पडली. ती सांगते, लहानपणी तिचे वडील तिला झोपेतच उचलून न्यायचे. मला लगेच तुमचा खांदा आठवला. त्या राखाडी कोटाचा वास, आणि "आलेलुया" झालं की तुम्ही हळूच माझ्या पायातला निसटलेला मोजा वर करायचा. मी त्या मिस्साला कधी पूर्ण जागी राहिले नाही, पण नाताळ म्हटलं की मला अजून तेच आठवतं. त्यामुळे ती रात्र तुमच्यासाठी काय आहे ते मला ठाऊक आहे, आणि तरीही नाही म्हणते आहे. त्या थंडीत, त्या गर्दीत, पाऊण तास उभं राहून छातीवर काय होतं ते आपण पाहिलं आहे. मी तिथे असते तर एक वेळ तुम्हाला धरून नेलं असतं.

तुमचं समाधान व्हावं म्हणून हेही सांगते. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी व्हॅटिकनमधली मध्यरात्रीची मिस्सा रात्री दहालाच ठेवली. त्यांचा थकवा थोडा कमी व्हावा, एवढंच कारण होतं. आणि पुढे काही वर्षं ती याहूनही लवकर, संध्याकाळीच झाली. सेंट पीटर्समध्ये जे चालतं ते आपल्याला चालायला हरकत नाही. जाण्यायेण्यासाठी गाडीचं मी बोलून ठेवलं आहे, ते दारापर्यंत सोडतील. पुढच्या ओळीतल्या कडेच्या खुर्च्या धरा, मागे उभे राहू नका, दुसऱ्या कुणाला बसवायला स्वतःची खुर्ची देऊ नका. मफलर कानांवरून.

पोलंडमध्ये २४ च्या संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसतात. पोरं खिडकीशी उभी राहून ती शोधत असतात. टेबलक्लॉथखाली थोडं गवत असतं, गोठ्याची आठवण म्हणून. घरातली मोठी माणसं एक पातळ पापुद्र्यासारखी पोळी हातात घेतात आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या पोळीचा तुकडा मोडून त्याला शुभेच्छा देतो. आणि टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित कुणी आलंच तर त्याच्यासाठी. जे दूर आहेत किंवा आता नाहीत, त्यांचीही आठवण पुष्कळ घरांत त्या ताटाशी निघते. आई, तू माझं ताट मांडशील आणि मग त्याच्याकडे बघत जेवणार नाहीस, म्हणून तसं करू नकोस. त्याऐवजी खरंच कुणालातरी बोलाव. खालच्या मजल्यावरच्या मावशी यंदा एकट्याच आहेत ना?

हे सुचायचं एक कारण आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला नाताळच्या आदल्या रात्री हजारो लोक मेणबत्त्या घेऊन बागेत जमतात आणि कॅरल्स गातात. १९३८ मध्ये नॉर्मन बँक्स या रेडिओ निवेदकाने ते सुरू केलं. सांगतात ते असं की, आदल्या वर्षी नाताळच्या सुमारास रात्री कामावरून परतताना त्याला एका खिडकीत मेणबत्तीच्या उजेडात एक म्हातारी बाई दिसली, एकटीच, रेडिओवरच्या कॅरल्सबरोबर गात होती. हे वाचल्यापासून माझ्या पोटात कालवतं. तुम्ही दोघं एकटे नाही, एकमेकांना आहात, हे मला कळतं. तरीही २४ ला घर शांत राहू नये असं वाटतं. मावशींना बोलवा, समोरच्या मुलांना बोलवा. जेवण बाहेरून मागवलं तरी चालेल. जपानमध्ये नाताळला केएफसीच्या चिकनची बादली आणायची पद्धत १९७४ च्या जाहिरातीपासून पडली, आणि लोक कित्येक आठवडे आधी मागणी नोंदवून ठेवतात. त्यांचा नाताळ काही वाईट होत नाही.

आजीच्या कबरीवर मेणबत्ती २४ लाच लावा, पण दिवसा. फिनलंडमध्ये त्या संध्याकाळी घरातले सगळे कबरस्तानात जातात, बर्फात सगळीकडे दिवे लागलेले असतात. तुम्ही मात्र अंधारात जायचं नाही, तिथल्या पायऱ्या उंचसखल आहेत. माझ्या नावाचीही एक लावा.

बाबा, एक पार्सल येईल. ते २४ च्या रात्री उघडायचं, आधी नाही. आइसलंडमध्ये त्या रात्री पुस्तकं भेट देतात. दुसऱ्या महायुद्धात इतर वस्तूंची टंचाई होती, कागद मात्र मिळायचा, तेव्हापासून ही रीत वाढली. लोक नवं पुस्तक घेऊन अंथरुणात शिरतात आणि रात्र जागवतात. तुम्ही जागवायची नाही. दहाला दिवा बंद. अक्षरं मोठी आहेत ती बघून घेतली आहेत, तरी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. पार्सलात आईसाठी जे आहे ते मऊ आहे आणि घालायचं आहे. कपाटात ठेवायचं नाही.

रात्री साडेनऊला मी वॉर्डातून फोन करेन, पाचच मिनिटं. उचलायला उशीर झाला तर पुन्हा करेन, धावत येऊ नका. रक्तदाबाची गोळी जेवणानंतरची आहे, केक खाल्ला म्हणजे जेवण झालं असं नाही. डॉक्टरांची २० तारखेची वेळ मी घेऊन ठेवली आहे, सण जवळ आला म्हणून ती पुढे ढकलू नका. सांगितलेला तपासणीचा कागद फोटो काढून मला पाठवा, नुसतं "सगळं ठीक" लिहू नका.

आई, ४ ला स्टेशनवर यायचं नाही. मी आपली येते.

तुमची,
धाकटी