कुळथाला बडोद्यात काय म्हणतात?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या पाककृती आमच्या घरी कापून वहीत डकवल्या जातात. त्या सदराबाबतच एक विनंती आहे. आधी गेल्या श्रावणातली हकिगत सांगतो, म्हणजे विनंती का करतोय ते लक्षात येईल.

मी मूळचा लांजा तालुक्यातला. 1998 साली मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि बडोद्याला आलो. त्याच वर्षी जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली होती, त्यामुळे गणपतीला नि मे महिन्यात गावी जाणं कधी चुकलं नाही. येताना पिशवीत आमसुलं आणि वर्षभराचं कुळथाचं पीठ असायचंच. आता आई आमच्याकडेच असते. वय 84. गावचं घर बंद, त्यामुळे पीठही बंद.

श्रावणात आईला डेंग्यू झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. खिचडी, मुगाचं कढण, पेज, काहीही दिलं तरी दोन चमचे घेऊन ताट बाजूला सारायची. एका संध्याकाळी म्हणाली, "पिठी कर रे. मऊ भाताबरोबर खाईन." मी डबा काढला. तळाशी उरलेल्या पिठाला जाळी धरली होती.

दुसऱ्या दिवशी कारेलीबागेतली चार दुकानं पालथी घातली. कुळीथ म्हणून पाहिलं, हुलगे म्हणून पाहिलं. एकाने मसूर पुढे केली, दुसऱ्याने मठ, म्हणजे आपली मटकी. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं या गावात काढली, गुजराती घरच्यासारखी बोलतो, आणि आईला हवं ते धान्य मागायला माझ्याकडे शब्द नव्हता. फार लागलं ते मनाला. शेवटी खंडेराव मार्केटात भाजी घेताना तिथल्या मावशींना सहज म्हटलं, पथरीवर ज्याचं पाणी पितात ते कडधान्य. त्या लगेच म्हणाल्या, "अरे, कळथी!" जवळच्याच एका धान्याच्या दुकानात त्याचं उघडं पोतं होतं. मूठभर हातात घेतलं. तेच चपटे, तांबूस, चकचकीत दाणे. इथे लोक ते औषधापुरते नेतात. आमच्याकडे भात कापला की शेतात उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरतात, वेगळं पाणी द्यावं लागत नाही, आणि तो वर्षभर पानात असतो.

अर्धा किलो आणला. घंटीवाल्याने एवढंसं दळायला नकार दिला, आणि ते बरोबरच होतं, आधीचं गव्हाचं पीठ त्यात मिसळलं असतं. मग घरीच केलं. मंद आचेवर भाजायचं, खमंग वास सुटला की उतरायचं, जाडसर भरडायचं, पाखडून साल उडवायचं आणि मग बारीक करायचं. आई पलंगावरून सांगत होती, "सालं राहिली तर कडवट लागेल, परत पाखड." मिक्सरचं पीठ थोडं कणीदार झालं, ते दोनदा चाळलं.

पिठी करायला दहा मिनिटं लागतात. तेलात मोहरी, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हिंग, हळद. पाण्याला उकळी आली की गार पाण्यात कालवलेलं पीठ ओतायचं आणि हात थांबवायचा नाही, नाहीतर गुठळ्या होतात. दोन आमसुलं, मीठ, वरून ओलं खोबरं. रटरटायला लागली आणि घरभर तो भाजका, मातकट वास पसरला तेव्हा आई आपण होऊन उठून बसली. भातात आळं करून पिठी वाढली. वाडगाभर भात संपवला तिने. म्हणाली, "आमसूल एक कमी पडलं." पंधरा दिवसांत तिने जेवणाबद्दल काढलेला हा पहिला शब्द होता.

आता विनंती. पाककृतीत जिन्नस देताना त्याचं इथल्या बाजारातलं नावही शेजारी छापावं. नाचणी इथे नागली म्हणून मागावी लागते, शेवग्याची शेंग सरगवो, ओवा अजमो, अळूची पानं अळवीची. माझ्यासारखे जुने लोक यातलं बरंच शिकले आहेत, पण नोकरीसाठी नव्याने येणारी मुलं-मुली वस्तू इथे मिळतच नाही असं समजून गावाहून पार्सल मागवतात किंवा तो पदार्थच सोडून देतात. इंदूर, ग्वाल्हेरच्या वाचकांनी तिकडची नावं कळवली तर आणखी बरं. हिंदीत कुळथाला कुलथी म्हणतात, एवढं मला आता ठाऊक झालं आहे. घरगुती पिठं विकणाऱ्या भगिनींनीही पुडीवर 'कुळीथ' खाली 'कळथी' लिहावं.

हे काम या गावाला परकं नाही. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत 1931 साली बडोद्यातून 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगालीत काय म्हणावं, ते त्यात शेजारी शेजारी मांडलं आहे. कचेरीतल्या शब्दांसाठी एवढा खटाटोप झाला, तर स्वयंपाकघरासाठी दोन भाषांची यादी सहज होईल. आणि शब्द इकडून तिकडेही गेलेच आहेत की. संध्याकाळी गाडीवर शेव उसळ खाणारा प्रत्येक गुजराती माणूस 'उसळ' हा आपलाच शब्द म्हणून बोलतो.

मला नि माझ्या पत्नीला माहीत असलेली पंधरावीस नावं आम्ही लिहून काढली आहेत. आपण होकार कळवलात तर या आठवड्यातच पाठवतो.

आपला,
एक वाचक, कारेलीबाग, बडोदे