अंड्याची टरफलं टाकू नका, आणि भट्टीला हातभार लावा (आवाहन)

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. मंडळाच्या पोरांना अंड्याच्या टरफलांपासून हाडातल्यासारखं खनिज करून दाखवायला भट्टी घ्यायचीय, तिच्या कोटेशनची मुदत शनिवारी संपतीय.

आधी ज्यांनी मंडळाला जपलं त्यांचं नाव काढल्याशिवाय मागायला तोंड उघडत नाही. 2019 च्या पुरात सांगलीच्या गावभागातली आपली खोली पाण्यात गेली, सूक्ष्मदर्शक, रसायनं, पोरांचे चार्ट सगळं चिखलात, तेव्हा तात्यांनी कुणी न सांगता हळदीच्या गोडाऊनचा एक कोपरा मोकळा करून दिला, अजून आपले खोके उघडले की हळदीचा वास येतो. काकूंनी पेन्शनमधून बारीक वजनाचा काटा घेऊन दिला (त्याला त्या आजही कुणाला हात लावू देत नाहीत, ते असो). आणि मिरजेचे आपले हाडांचे डॉक्टर, एक रुपया न घेता आले आणि पोरांसमोर एक छोटी बाटली धरली, आत चिमूटभर पांढरे दाणे, हाडातली पोकळी भरायचे. नाहीतर पेशंटच्याच कमरेचं हाड काढून लावायचं, म्हणजे दुसरी जखम. दाण्यांची किंमत ऐकून मागच्या बाकावरची पोरंपण गप्प झाली.

तिथनं हे खूळ डोक्यात शिरलं. हाडात वजनाने निम्म्याहून जास्त खनिज असतं, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटच्या जातीचं. अंड्याच्या टरफलात 95 टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम कार्बोनेट. टरफलं उकळून, आतला पापुद्रा सोलून, 900 अंशाला भाजली की शंभर ग्रॅमचा पन्नास-पंचावन्न ग्रॅम कळीचा चुना उरतो, तो पाण्यात विरवून फॉस्फोरिक अ‍ॅसिड थेंबथेंब सोडायचं, कॅल्शियम-फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण 1.67 साधलं की खाली दह्यासारखा साका बसतो, तेच हायड्रॉक्सिअपटाईट, म्हणजे हाडातल्या खनिजासारखं कॅल्शियम फॉस्फेट, गाळून वाळवून परत भाजायचं. जगात माशांच्या हाडांपासून, शिंपल्यांपासूनही करतात, प्रवाळापासून करायची रीत तर 1974 लाच छापून आलीय. आपल्या बुर्जीच्या गाड्यांवर रोज बादलीभर टरफलं कचऱ्यात जातात की.

मागच्या वेळी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, ही पावडर गुडघ्याला चालेल का. नाही चालणार! हे पोरांना शिकवायला आहे, अंगात घालायच्या मालाला चाचण्या, परवानग्या सगळं वेगळं असतं.

अडलंय ते भट्टीपाशी. घरच्या गॅसवर टरफलं सगळी सारखी 900 अंशापर्यंत तापत नाहीत. खरं सांगू का, गणपतीत डॉल्बीची वर्गणी एका संध्याकाळी जमते, आणि आमच्या मागच्या मेसेजवर निळ्या टिका भरपूर आल्या, अंगठे दोन, पैसे कुणाचेच नाहीत. वाईट वाटलं, लपवत नाही.

भट्टी 38 हजार, जमलेत 14, बाकी शुक्रवारपर्यंत पाहिजेत. क्यूआर ग्रुपच्या माहितीत आहे, रोख खजिनदारांकडे, पावती मागून घ्या. टरफलं धुवून वाळवून कागदी पिशवीत, रविवारी सकाळी 9 ते 11 गोडाऊनवर, ओली आणू नका वास मारतात. बुर्जीवाल्यांना सांगायला दोन पोरं पाहिजेत, संध्याकाळी मोकळी असणारी, सायकल असली तर बरं.

– सचिव