अण्णांचा अल्सर कुठला होता रे?

कोल्हापूर,
मंगळवार, रात्री अकरा

प्रिय पक्या,

चार महिने पत्र नाही आणि तुझा फोन दोनदा ‘नंतर करतो’ म्हणून ठेवला. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. आईचा गुडघा आहे तसाच, बाकी सगळे बरे.

परवा माझ्या पोटात दुर्बीण घातली. हसू नकोस, ‘आत मिसळ सापडली का’ हा विनोद सुलीनं आधीच करून घेतलाय. दीड महिना जेवलं की छातीखाली जाळ व्हायचा. एक दिवस शौचाला डांबरासारखी काळी झाली, तेव्हा धावलो. जठरात अल्सर निघाला. म्हणजे आतल्या अस्तराला पडलेली जखम, रक्त तिच्यातूनच येत होतं.

मी लगेच तिखटावर खापर फोडलं. डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण पक्की. म्हणाली, “कटानं जखम होत नाही, असलेली झोंबते. गुडघ्याला काय घेता?” तालमीतला तो गुडघा, तुला माहीत आहेच (पाय तूच पिरगाळलास, मी विसरलेलो नाही). वर्षभर डायक्लोफेनॅकच्या, म्हणजे दुखणं मारायच्या, दोन गोळ्या रोज, मेडिकलवाल्याला विचारून, कोऱ्या चहावर. त्या गोळ्यांनी पोटाचं संरक्षक अस्तर दुबळं होतं म्हणे, मग आपलंच आम्ल आपल्याला खातं.

दुसरा चोर म्हणजे जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. पूर्वी डॉक्टरसुद्धा काळजीला न् तिखटाला दोष द्यायचे. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शलचं कुणी ऐकेना, तर त्या गड्यानं १९८४ साली त्या जंतूंचा रस्साच पिऊन टाकला. थोड्याच दिवसांत उलट्या, जठराला सूज. २००५ ला त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. तांबडा, पांढरा आणि हा तिसरा! आपल्याकडं जन्मायचा माणूस.

आता तुझं. अल्सर जठरात होतो, नाहीतर त्याच्या पुढं, लहान आतड्याच्या तोंडाशी. आतड्यातला बऱ्याचदा रिकाम्या पोटी दुखतो, खाल्लं की थांबतो, रात्री झोपेतून उठवतो. हा ठोकताळा, नियम नव्हे, असं तिनं बजावलं. पण मला होस्टेलवर रात्री दोनला ट्रंक उघडून ग्लुकोजची बिस्किटं चावणारा तूच दिसलास. आम्ही तुला हावरट म्हणायचो. अजून तसं होत असेल तर तपासून घे लेका. जंतू वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. सापडला तर आम्ल कमी करणारी गोळी आणि सोबत अँटिबायोटिक्स, चौदा दिवस, एकही न चुकवता.

माझ्या जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवलाय. आतड्यातला बहुतेक साधाच असतो. जठरातल्याआड मात्र कधी कधी कॅन्सर दडतो, आणि गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बरंही वाटतं. म्हणून आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण. सुलीला सांगितलंय, हे सगळ्यांचंच करतात. ते खोटंही नाही.

भीती वाटतेच. पण त्या खोलीतून बाहेर आल्यापासून डोक्यात अण्णाच आहेत. अर्धी भाकरी टाकून उठायचे. सोडा, थंड दूध, परत सोडा. सदरा खांद्यावरनं ओघळायला लागला होता. रंकाळ्यावर तू म्हणालास, पुण्याला घेऊन जा. मी म्हणालो, अल्सरच आहे, तू काय डॉक्टर झालास? मग दीड वर्ष बोलणं बंद. तेराव्याला आलास आणि न जेवता गेलास.

काल कपाटातली त्यांची फाईल काढली. दुर्बिणीचा कागद आहे. त्यावर जठर लिहिलंय. तुकड्याचा रिपोर्ट नाही. काढलाच नसेल, की काढून आणायचा राहिला? आणायचं काम माझंच होतं. तेव्हा अल्सर म्हणजे अल्सर, ‘कुठला’ असं विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. आईला कसं विचारू? तुला आठवतंय का, दवाखान्यात त्या दिवशी तूही होतास ना?

रंकाळ्यावर मी जे बोललो ते बोलायला नको होतं.

पिंकीला बारावीला किती पडले? बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, त्यांच्या लोणच्याची बरणी अजून माझ्याकडंच आहे.

रिपोर्ट शुक्रवारी चारला. त्यानंतर फोन करीन, मीटिंगमध्ये असलास तरी उचल. आणि त्याआधी आईला फोन करू नकोस, तुझ्या आवाजावरनं तिला सगळं कळतं.

तुझा,
बाळ्या