ओढ्याला राग येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला आहे. यंदाही कुठे पाणी शिरले की ‘निसर्ग कोपला’ म्हणून आपण मोकळे होऊ. डच तत्त्वज्ञ स्पिनोझाने साडेतीनशे वर्षांपूर्वी नेमके यावरच बोट ठेवले होते. छपरावरून दगड पडून माणूस दगावतो. का? वारा सुटला म्हणून. वारा तेव्हाच का सुटला? तो माणूस तेव्हाच तिथून का चालला होता? प्रश्न विचारत जायचे आणि उत्तरे संपली की ‘देवाची इच्छा’ म्हणायचे, याला त्याने अज्ञानाचा आसरा म्हटले.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातला आंबिल ओढा आमच्या भागात घुसला, माणसे गेली. सकाळी एकावर एक चढलेल्या गाड्या आणि पुलाच्या मोरीत अडकलेल्या गाद्या, थर्माकोल, राडारोडा मी पाहिला आहे. कात्रजच्या डोंगरावरचे पाणी उताराने खालीच येणार. त्याची वाट अरुंद केली की ते भिंतीवर चढणार. यात राग कुठला? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हाही धरणाचे काम अपुरे असताना पाणी अडवलेले होते.

स्पिनोझाला १६५६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केले. पुढे भिंगे घासून तो जगला. लोकांनी त्याला नास्तिक ठरवले, पण ईश्वर आणि निसर्ग त्याच्या लेखी एकच. निसर्गाचे नियम समजून घेणे हेच ईश्वरावरचे प्रेम, असे तो मानी. दरवर्षी पालख्यांना सामोऱ्या जाणाऱ्या पुण्याला हे अगदीच परके वाटू नये. त्याचा ईश्वर नवसाला पावत नाही, एवढा फरक मात्र आहेच, आणि मला तो मोलाचा वाटतो. गाऱ्हाणे घालून पाणी वळत नाही हे एकदा पटले, की माणूस ओढ्याचे पात्र मोजायला लागतो.

म्हणून विनंती अशी. २०२४ च्या जुलैत मुठेकाठच्या एकतानगरीत पाणी भरले, तसे पुन्हा झाले तर खडकवासला धरणातून किती वाजता किती क्युसेक पाणी सोडले, रहिवाशांना कधी कळवले, पूररेषेत भराव कोणाच्या परवानगीने पडला, हे छापावे. शहरातल्या ओढ्यांचे पात्र कुठे कुठे अडले आहे, त्याचा नकाशा तर आताच, पावसाआधी द्यावा.

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे