डोळे मिटून नजर कशी तयार होणार?

संपादक महोदय,

ध्यान आणि चित्रकला यांची सांगड घालणारं लेखन हल्ली बरंच छापून येतं, आपल्या पुरवणीतही आलं. त्यातला सल्ला बहुतेक एकाच वळणाचा असतो: अर्धा तास डोळे मिटून बसा, मन शांत झालं की ब्रश उचला आणि आतून येईल ते रंगवा. याने मन शांत होईल, त्याबद्दल वाद नाही. पण नजर तयार होणं ही निराळी गोष्ट आहे. ती तालीम उघड्या डोळ्यांनीच करावी लागते, आणि ध्यानाचं आलंबन, म्हणजे लक्ष टेकवायची जागा, म्हणून श्वासाच्या जागी समोरच्या वस्तूची कड घ्यावी लागते.

चित्र चुकतं ते हातामुळे कमी, डोक्यातल्या माहितीमुळे जास्त. टेबलावरचा कप घ्या. त्याचं तोंड गोल आहे हे ठाऊक असतं, म्हणून दिसणारं लंबवर्तुळ हात हवं त्याहून जास्त उघडतो. कप सपाट टेबलावर आहे हेही ठाऊक असतं, म्हणून तळाची रेघ सरळ येते. प्रत्यक्षात कप नजरेच्या पातळीखाली असेल, तर तळाचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा जास्त गोलसर दिसतो. नवशिक्यांच्या दहापैकी नऊ वस्तुचित्रांत कपाचा तळ इस्त्री केल्यासारखा असतो, तो यामुळेच.

यावर बैठक अशी बसवता येते. पांढरा कप, डाव्या किंवा उजव्या बाजूने एकच दिवा, खिडकीचा पडदा ओढलेला. दोन उजेड मिसळले की सावलीच्या छटा गोंधळतात. शिवाय खिडकीतल्या उन्हावर भरवसा ठेवता येत नाही. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, म्हणजे चित्र निम्मं होईपर्यंत सावलीची कड जागेवर राहिलेली नसते.

पहिली पाच मिनिटं पाठ ताठ, डोळे अर्धे उघडे, लक्ष श्वासावर. एवढं पुरे. पुढची दहा मिनिटं हातात पेन्सिल न घेता नुसतं पाहायचं. नजर कपाच्या कडेवरून मुंगीच्या चालीने फिरवायची. मनात ‘कान’, ‘काठ’, ‘बशी’ असे शब्द उमटतील. शब्द आला की ‘शब्द आला’ एवढंच नोंदवून पुन्हा कडेवर यायचं. श्वासाच्या ध्यानात भरकटलेलं मन आपण जसं परत आणतो, अगदी तसंच.

मग कागद चिकटपट्टीने बोर्डावर पक्का करायचा, कारण आता त्याच्याकडे पाहायचं नाही. 2बी पेन्सिल, डोळे फक्त वस्तूवर, नजर सरकेल तेवढीच रेघ सरकू द्यायची. दहा सेंटिमीटर कडेला दोन मिनिटं लागली तर वेग बरोबर. चित्र वेडंवाकडं येणार, दोन टोकं जुळणार नाहीत, त्याची फिकीर नको. नंतर रेघ वाचायची. लक्ष होतं तिथे ती बारीक अडखळते, वळते. लक्ष सुटलं तिथे एकदम गुळगुळीत होते, सहीच्या फराट्यासारखी. बैठक कशी झाली हे ‘आज छान वाटलं’ यापेक्षा ही रेघ जास्त प्रामाणिकपणे सांगते.

इथे त्राटकाचा, म्हणजे टक लावून बघत राहण्याच्या ध्यानाचा, मोह मात्र आवरावा. एकाच बिंदूवर नजर खिळवली की भोवतालच्या फिकट गोष्टी हळूहळू विरून जातात. ट्रॉक्सलर या स्विस वैद्याने 1804 मध्येच हे नोंदवून ठेवलं आहे. चित्रकाराला नेमक्या त्याच मऊ कडा हव्या असतात. दुसरा तोटा सावलीचा. गडद भागाकडे टक लावली की डोळा त्या अंधाराला सरावतो, तिथे तपशील दिसू लागतो आणि मग सावली फिकी, भुसभुशीत रंगवली जाते. रंगांचंही तेच: नारिंगी वस्तूकडे अर्धा मिनिट टक लावून पांढऱ्या कागदाकडे पाहिलं तर निळसर ठसा दिसतो. तो ठसा घेऊन छटा मिसळली की ती बिघडणारच. म्हणून दर पाच-सहा सेकंदांनी नजर उजेडाकडून सावलीकडे हलवायची, डोळे किलकिले करून दोन्हींची तुलना करायची आणि पापण्यांची उघडझाप करायला विसरायचं नाही.

रंगवताना अल्ट्रामरिन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे दोनच रंग पुरतात. दोन्ही मिसळले की करडा मिळतो, प्रमाण बदललं की तो थंड किंवा उबदार होतो. उजेड, मधला टोन, सावली एवढे तीनच टोन, म्हणजे गडद-फिकेपणाच्या पायऱ्या, ठेवायचे. पोस्टकार्डाएवढ्या करड्या पुठ्ठ्याला मधोमध 5 मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि एक डोळा मिटून, हात लांब करून त्यातून कपाची सावलीकडची बाजू पाहायची. पुठ्ठ्यावर दिव्याचा उजेड पडला पाहिजे. ‘पांढरा कप’ पुठ्ठ्याहूनही गडद निघतो, आणि पहिल्या वेळी यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, अ‍ॅक्रिलिक बहुधा गडद होतो. तेव्हा टोन बरोबर आहे की नाही हे वाळल्यानंतरच ठरवावं.

डोळे मिटण्याची खरी जागा शेवटी आहे. दोन मिनिटं वस्तू पाहून डोळे मिटायचे, मनात ती कडेकडेने फिरून आणायची, मग वस्तूकडे पाठ करून पाच मिनिटांत स्मरणचित्र काढायचं. नंतर वस्तूसमोर येऊन लाल पेन्सिलीने चुका दुरुस्त करायच्या. पाहिलेलं काय होतं आणि गृहीत धरलेलं काय, हे त्या लाल रेघांत कळतं.

सहा बैठका कप तोच ठेवावा. तिसऱ्या बैठकीला कंटाळा येतो आणि बहुतेक जण तिथेच वस्तू बदलतात. बदलू नये. कागदांच्या मागे तारीख टाकून ते ओळीने मांडावेत आणि लाल रेघा मोजाव्यात.

— चित्रकला शिकवणारे काही शिक्षक