नाळेतल्या रक्ताचा ‘विमा’

संपादक महोदय,

सुनेचं बाळंतपण तोंडावर आलंय. परवा दवाखान्याच्या बाकावरच नाळेतलं रक्त साठवणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने आम्हाला गाठलं. गुळगुळीत माहितीपत्रक, त्यावर गुटगुटीत बाळ. “नातवाचा जैविक विमाच समजा आजी, हप्त्यानेही भरता येईल!” नात होणार नाही, हेही त्याने ठरवून टाकलेलं.

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मात्र स्पष्ट सांगतात, की पुढे स्वतःलाच उपयोग होईल म्हणून हे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. बाळाला आनुवंशिक रक्तविकार झाला, तर तोच दोष या रक्तातल्या मूळपेशींतही, म्हणजे ज्यांपासून नव्या रक्तपेशी बनतात त्यांतही, असणार! घरात थॅलेसेमियाचं (हाही आनुवंशिक रक्तविकारच) भावंड असेल तर गोष्ट वेगळी; त्याच्या उपचाराला हे रक्त उपयोगी पडू शकतं.

आयसीएमआरचं हे म्हणणं प्रत्येक प्रसूतिगृहात ठळक मराठीत लावण्याची सक्ती आरोग्य खात्याने करावी.

— एक होऊ घातलेली आजी, मिरज